परत आलेलं वजन

पत्र आलं तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. म्हणजे फोन वाजला, आणि एका हातात पळी धरून दुसऱ्या हातानं मी तो उघडला. ही माझी जुनी खोड.

"नगर-गणक मूल्यमापन, २०३९. संस्था: शिदोरी डबा केंद्र, प्रभाग नऊ. फरक: शून्य पूर्णांक दोन. परत आलेले अन्न: सरासरी एकोणीस टक्के. शिफारस: पुढील वर्षापासून अनुदान बंद. हरकत असल्यास पंधरा दिवसांत सुनावणी."

मोहरी जळली. बावीस वर्षं हे स्वयंपाकघर चालवतेय, माझी मोहरी कधी जळली नव्हती.

"काय झालं, ताई?" डबे पुसता पुसता हिरामावशीनं विचारलं. हिराबाई पगारे, आमच्या डबे पोचवणाऱ्या नऊ बायकांतली सगळ्यात जुनी.

"आपलं जेवण कुणी खात नाही म्हणे."

"कोण म्हणतं?"

"गणक."

"त्याला म्हणावं, आधी एक घास खा आणि मग बोल," ती म्हणाली, आणि पुन्हा पुसायला लागली. पण तिचा हात जरा मंदावला, हे मला तेव्हाच दिसलं होतं. मी लक्ष दिलं नाही.

आमच्या शहराचं नाव मी सांगत नाही. उगीच महापालिकेची बदनामी नको, चांगली माणसंही आहेत तिथं. आमचं काम साधं. प्रभाग नऊमध्ये एकटी राहणारी दोनशे बारा म्हातारी माणसं आहेत. कुणाचा मुलगा परदेशी, कुणाचा दोन गल्ल्या सोडून आणि तरीही परदेशी. त्यांना रोज दुपारी एक गरम डबा जातो. महापालिकेचं अनुदान बंद म्हणजे डबा बंद, यात मधलं काही नाही.

आणि हेही आधीच सांगते, नाहीतर लोक म्हणतील शालन ढवळे म्हणजे यंत्राच्या नावानं बोटं मोडणारी बाई. गणक आला तेव्हा त्याच्या बाजूनं हात वर करणाऱ्यांत मी पहिली होते. त्याआधी अनुदान कसं मिळायचं ते मी भोगलंय. नगरसेवकाच्या बंगल्यावर सकाळी जाऊन बसायचं, त्याच्या मेहुण्याच्या वाढदिवसाला फलक लावायचा, आणि इतकं करून यादी यायची ती त्याच्याच मेहुण्याच्या संस्थेची. त्या संस्थेचा पत्ता म्हणजे एक टायरचं दुकान होतं. म्हणून मी म्हटलं, मोजा बाबा! कुणीतरी एकदा खरं मोजा.

गणक मोजतो कसा, ते मला माझ्या मुलीनं समजावलं होतं. केतकी महापालिकेच्या गणक कक्षातच कामाला आहे. महापालिकेच्या संगणकात आमच्या शहराची एक नक्कल आहे, तिला प्रतिशहर म्हणतात. त्यात आपलं प्रत्येक घर आहे, नावानं नाही, नंबरानं. घरात पाणी किती लागलं, वीज किती जळली, दवाखान्यात कोण कधी गेलं, रुग्णवाहिका कुठल्या गल्लीत किती वेळा आली, या सगळ्या नोंदी त्यात रोज जातात. त्यामुळे ती नक्कल जवळजवळ आपल्यासारखीच जगते. मग एखाद्या संस्थेची पाळी आली की गणक ते प्रतिशहर दोनदा चालवतो. एकदा त्या संस्थेसकट आणि एकदा ती संस्था पुसून टाकून. एकदाच नाही, दहा हजार वेळा. पुसल्यावर शहरातली किती माणसं जास्त आजारी पडली, किती मुलं शाळेतून गळली, किती मेली, हा झाला 'फरक'. ज्याचा फरक जास्त, त्याला पैसा जास्त.

ऐकून मी तिला म्हटलं होतं, "म्हणजे आम्ही मेल्यावर आमची किंमत कळते, ती तुम्ही आधीच काढता."

"तसंच समज," ती हसली होती.

डब्यांचं मोजायला एकोणीस महिन्यांपूर्वी महापालिकेनं नवे डबेच दिले. बुडाला एक पातळ चकती, ग्रामपर्यंत वजन सांगणारी. डबा जाताना किती आणि लाभार्थ्यानं परत दिला तेव्हा किती, हे परस्पर गणकाकडे जायचं. आम्हाला दिसायचं नाही. आम्हाला काय, आमच्या स्वयंपाकघरात डबे परत यायचे ते चाटूनपुसून लख्ख. मग हे एकोणीस टक्के आलं कुठून?

दुसऱ्या दिवशी मी हिरामावशीबरोबर फेरीला निघाले.

"ताई, तुम्ही कशाला उन्हाच्या?" ती चारदा म्हणाली. पाचव्यांदा म्हणाली तेव्हा मी सायकलगाडीची दांडी धरली आणि चालायलाच लागले.

पहिल्याच घरी, बर्वे आजींकडे, मला कळलं. हिरामावशीनं आजचा डबा दिला आणि कालचा घेतला. आजींनी माझ्याकडे पाहिलं, हिराकडे पाहिलं, आणि डबा पुन्हा मागे ओढायला लागल्या. मी म्हटलं, "असू द्या, द्या इकडे." उघडला. आत चार लिंबं आणि सुपारीएवढा गूळ.

पुढच्या घरी डब्यात मूठभर भुईमुगाच्या शेंगा. त्याच्या पुढे एक पेरू, कुंडीतल्या तीन मिरच्या, एका ठिकाणी तर वाटीभर भिजवलेले मूग. तांबोळी चाचींनी शेवग्याच्या शेंगा मोडून मोडून बसवल्या होत्या. हिरामावशी रस्त्याच्या वळणावर एका पिशवीत हे सगळं काढून घेत होती, आणि डबा फडक्यानं पुसून ठेवत होती.

शेवटचं घर लोटन बोरसेंचं. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, तिसऱ्या मजल्यावर राहतात, गुडघे गेलेले. ते गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडतात, त्यात डबा ठेवायचा, कालचा उचलायचा. कालच्या डब्यात कढीपत्त्याच्या दोन काड्या होत्या, देठाला ओला दोरा गुंडाळलेला.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

हिरामावशी पिशवीचं तोंड आवळायला लागली. "पहिल्यापासून, ताई."

"बावीस वर्षं?"

"दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं कसं परत करतील, ताई? तुम्ही कराल का?"

मी कशी करेन? माझ्या आईनं शेजारणीची वाटी कधी रिकामी पाठवली नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची.

"मग मला का नाही सांगितलं?"

"कलम चौदा," ती म्हणाली.

आमच्या करारातलं कलम चौदा. लाभार्थ्याकडून रोख अथवा वस्तुरूपाने काहीही स्वीकारू नये, भंग झाल्यास संस्था काळ्या यादीत. कुठल्यातरी संस्थेनं डब्यामागे म्हाताऱ्यांकडून दहा दहा रुपये उकळले होते, तेव्हापासून हे आलं. दर वर्षी मीच हे कलम या नऊ बायकांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्या माना डोलवायच्या, आणि रस्त्याच्या वळणावर पिशव्या भरायच्या.

"आणि पिशवीचं काय करता?"

"घरी नाही नेत हो!" ती एकदम भडकली. "देवाशपथ. बोरसेबाबांचा कढीपत्ता बर्वे आजींना जातो, आजींची लिंबं तांबोळी चाचींना. चाचींच्या शेंगा बोरसेबाबांना. सगळं फिरतं."

मी पायरीवर बसले. गणकानं काय पाहिलं ते मला लख्ख दिसलं. डबा परत येतो तेव्हा त्यात वजन आहे, म्हणजे अन्न उरलंय. ही माणसं पाचातला एक घास टाकतात, आणि तरी ठणठणीत आहेत. मग डबा पुसून टाकला तरी ठणठणीतच राहतील. हिशेब बरोबर होता. फक्त डब्यात काय होतं, तेवढं चुकलं होतं.

आता खरं सांगावं तर कलम चौदा, संस्था काळ्या यादीत. न सांगावं तर अनुदान बंद. इकडे आड, तिकडे विहीर.

मग मी एक मूर्खपणा केला. कबूल करते. नऊही बायकांना बोलावून सांगितलं, उद्यापासून डबे रिकामे घ्यायचे. सगळ्यांना सांगा, महापालिकेचा नियम आहे, काही घालू नका. मला वाटलं, वजन शून्यावर आलं की सुनावणीत म्हणता येईल, बघा, स्वयंपाक सुधारला, आता सगळं संपतं.

चार दिवसांत तेवीस जणांनी डबा बंद केला.

बोरसेंनी तर टोपलीच वर ओढून घेतली. मी खालून हाका मारल्या. ते गॅलरीच्या कठड्यावर रेलून म्हणाले, "बाई, तीस वर्षं गाडी चालवली. फुकट कुणाचा चहासुद्धा प्यालो नाही. दोन काड्या कढीपत्ता घेत नसाल तर तुमचा डबा मला भीक आहे. भीक मी खात नाही."

"बाबा, दुपारी खाणार काय?"

"ते मी बघीन."

भर उन्हात मी खाली उभी होते, आणि मला स्वतःची लाज वाटली. बावीस वर्षं मी समजत होते की मी यांना देते. यांनी कधी माझं फुकट खाल्लंच नव्हतं, आणि मला पत्ता नव्हता.

"बाबा, टोपली सोडा," मी ओरडले. "माझं चुकलं. कढीपत्ता घालून सोडा."

ते हलले नाहीत.

"आमटी कढीपत्त्याशिवाय केलीय आज," मी थाप मारली. "अगदी पाणचट झालीय."

थोड्या वेळानं टोपली खाली आली. दोन नाही, चार काड्या होत्या.

परतताना मी तो हुकूम सगळ्यांसाठीच मागे घेतला, आणि हिरामावशीनं मला ती गोष्ट सांगितली जिच्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. "ताई, वाईट तेव्हा वाटतं जेव्हा डबा रिकामा येतो. मग मी जिना चढते."

"म्हणजे?"

"माणूस खचलं ना, की जेवण जात नाही. पण उष्टं कोण परत देतं? लाजेपोटी कुत्र्याला घालतात, डबा विसळून देतात. फक्त त्यात घालायला काही शोधायला उठत नाहीत. डबा हलका लागला की मला कळतं. आम्ही सगळ्याच चढतो. गेल्या पावसाळ्यात सबनीस काका असेच सापडले, तापानं फणफणलेले. वाचले."

मी गाडी थांबवली. "हे तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"कुणाला काय सांगायचं? एवढं तर कुणालाही कळतं."

रविवारी दुपारी केतकी आली. ती तिच्या ऑफिसजवळ खोली घेऊन राहते, आणि आठवड्यातून दोनदा मी तिलाही डबा पाठवते. नियमाप्रमाणे नातेवाइकाच्या संस्थेची फाईल तिनं उघडायची नसते, सुनावणीतही यायचं नसतं. म्हणून आम्ही पत्राबद्दल बोललोच नव्हतो. ती आली, जेवली, ताट विसळलं आणि ओट्याशी पाठ करून उभी राहिली.

"आई, सुनावणीत प्रत्येक संस्थेला गणकाला एक प्रश्न विचारता येतो. एकच. लोक विचारतात, 'आम्हाला कमी गुण का?' तो तेच उत्तर परत वाचून दाखवतो. तसलं काही विचारू नकोस."

"हे सांगणं नियमात बसतं का?"

"माहितीपत्रकात छापलंय. कुणी वाचत नाही." मग म्हणाली, "अजून एक आहे. परत आलेलं वजन म्हणजे न खाल्लेलं अन्न, ही गणकाच्या सूचनांतली ओळ माझी आहे. डब्यांच्या सगळ्या योजनांसाठी दोन वर्षांपूर्वी मी लिहिली. तुमची फाईल मी पाहिली नाही, पण आकडे यादीत आले तेव्हा कळलं, माझ्याच ओळीनं तुमचा डबा बंद झालाय."

मग मी तिला लिंबं, मूग, शेंगा, सगळं सांगितलं. ती खुर्चीवर बसली.

"मला सुचलंसुद्धा नाही," ती म्हणाली. "मी तुझा डबा नेहमी धुऊन परत देते."

"आईच्या डब्यात काय घालायचं असतं? तुझं काही चुकलं नाही."

"चुकलं कसं नाही? तू शेजारी वाटी पाठवायचीस तेव्हा मी बघितलंच नाही."

"तुला दिसायला घरात मी होते कुठं? मी इथं दोनशे लोकांची आमटी ढवळत होते." पोरीला वाढवताना जे शिकवायचं ते राहून गेलं, आणि ते असं फिरून माझ्याच दारात आलं.

"मी हे सगळं सुनावणीत सांगितलं तर तुझ्या नोकरीचं काय?" मी विचारलं.

"मेमो येईल. बढती थांबेल. नोकरी जाणार नाही." तिनं डोळे पुसले आणि एकदम कडक आवाजात म्हणाली, "विचार तू. आणि माझी काळजी करून प्रश्न मऊ करू नकोस, कळलं? आमटी करतेस तसा कर. झणझणीत."

माझीच पोर ती. कोणावर गेली ते सांगायला नको.

सुनावणी महापालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर होती. समितीचे अध्यक्ष उपायुक्त निमकर. बारीक, थकलेला, पण सरळ माणूस. भिंतीवर पडदा, त्यावर गणक. मी हिरामावशीला सोबत नेलं होतं. तिनं ठेवणीतली पैठणी नेसली होती, जणू लग्नालाच निघालीय.

"बोला, शालनबाई," निमकर म्हणाले.

"आधी गुन्हा कबूल करते," मी म्हटलं. "आम्ही बावीस वर्षं कलम चौदा मोडतोय."

समितीतल्या बाईंनी पेन खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं, एकही लिंबू न वगळता. पिशवीतलं कोणाचं कोणाला जातं तेही सांगितलं.

"हे नोंदीत जाईल," निमकर म्हणाले. "काळ्या यादीची शिफारस होऊ शकते, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. म्हणूनच पहिल्यांदा सांगितलं. आता माझा प्रश्न."

"विचारा."

मी पडद्याकडे वळले. यंत्राशी कसं बोलतात ते मला माहीत नाही. मी आपली नव्या सुनेशी बोलते तशी सावकाश, स्पष्ट बोलले. "गेल्या एकोणीस महिन्यांत प्रभाग नऊमध्ये ज्या ज्या दिवशी डबा पूर्ण रिकामा परत आला, म्हणजे वजन शून्य, त्यानंतरच्या चौदा दिवसांत त्या त्या घरात काय झालं?"

सुनावणीच्या आधीचे ते चार दिवस सोडून द्या, असंही मी सांगितलं. तो मूर्खपणा माझा होता.

गणकाला तीन-चार मिनिटं लागली. हिरामावशी माझा हात घट्ट धरून होती. मग पडद्यावर अक्षरं आली आणि तो वाचू लागला.

"डबा रिकामा परत येण्याचे प्रसंग: एकशे शेहेचाळीस. त्यानंतर चौदा दिवसांत गंभीर आजार, पडणे, रुग्णालयात दाखल होणे किंवा मृत्यू: एकशे तीन प्रसंगी. या वयोगटात एरवी अपेक्षित: नऊ. एकशे तीनपैकी एक्याऐंशी प्रसंगी मदतीचा पहिला फोन नऊ ठरावीक क्रमांकांवरून. त्या एक्याऐंशीपैकी जिवंत: अठ्ठ्याहत्तर."

"त्या नऊत माझा नंबर आहे," हिरामावशी पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली. "शेवटी दोन-सात."

निमकर पुढे झुकले. "या वाचलेल्या लोकांचं श्रेय आतापर्यंत कुठं दाखवलं होतं?"

"कारण अज्ञात," गणक म्हणाला. "प्रभाग नऊमधील ज्येष्ठांचा मृत्युदर अपेक्षेपेक्षा कमी होता. कारण न सापडल्याने श्रेय नव्या चालण्याच्या ट्रॅकला विभागून देण्यात आले."

"ट्रॅकला!" हिरामावशी ओरडली. "बोरसेबाबांना जिना उतरवत नाही, ट्रॅकला काय डोंबल जाणार?"

समितीतल्या बाई हसल्या. निमकर हसले नाहीत. ते कागदावर काहीतरी लिहीत होते, आणि मान वर करून म्हणाले, "नवा फरक काढायला लावतो. मला वाटतं तुम्ही पहिल्या पाचात याल. शालनबाई, ही तर मोठी गोष्ट आहे. परत आलेलं वजन म्हणजे माणूस ठीक असल्याची खूण! हे आपण सगळ्या शहरात लागू करू. प्रत्येक डब्याला चकती. जिथं परतीचं वजन जास्त, त्या संस्थेला गुण जास्त."

मला आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही.

"तसं करू नका, साहेब," मी म्हटलं.

"का?"

"उद्या गुण मिळतात म्हटल्यावर संस्थांची माणसं म्हाताऱ्यांच्या दारात उभी राहून म्हणतील, 'काय आजी, काहीतरी घाला की डब्यात, आमचे गुण जातात.' ज्यांच्याकडे काही नाही ते उसनं आणून घालतील. कुणी दगड घालेल. आणि मग ज्या दिवशी बोरसेबाबा खरंच अंथरुणाला खिळतील, त्या दिवशीही डबा जड येईल. तुमच्या यंत्राला काही कळणार नाही, आणि हिरामावशी जिना चढणार नाही."

निमकरांनी लिहिलेला कागद बाजूला सरकवला.

"मग तुम्हाला काय हवंय?" निमकरांनी विचारलं.

"साधे डबे. चकती नको."

"बाई, न मोजता मी पैसा देऊ शकत नाही. त्यासाठीच तर गणक आणला. न मोजण्याचे दिवस तुम्हीच पाहिलेत ना?"

हे त्यांचं खरं होतं. टायरचं दुकान माझ्या डोळ्यांपुढे आलं. पण मी बावीस वर्षं रोज भात शिजवतेय.

"मोजा की!" मी म्हटलं. "मी कुठं नको म्हणतेय? पण भात शिजला का बघायला आम्ही एक शीत दाबतो, साहेब. सगळं पातेलं कुस्करत नाही. वर्षातून एकदा तुमची माणसं पाठवा. पिशवी घेऊन हिरामावशीबरोबर फिरा, घराघरांत बसा, विचारा. फोनच्या नोंदी तर तुमच्याकडे आहेतच, मदतीला कोण धावलं ते त्यातून कळेल. पण डब्यात काय घालायचं आणि काय नाही, ते घालणाऱ्याचं राहू द्या. ते मोजलंत की ते संपलं."

"आणि समितीनं नाही म्हटलं तर?"

"तर आजच सांगा. मी उद्यापासून दारोदार फिरून धान्य मागीन. दोनशे बारा माणसं आहेत, एक दिवस बंद ठेवता येत नाही मला."

मी हे धमकी म्हणून बोलले नव्हते. मनात तांदूळ कुठल्या दुकानापासून मागायला सुरुवात करायची ते ठरतही होतं.

निकाल आठ दिवसांनी आला. कलम चौदा मोडल्याबद्दल या वर्षीच्या अनुदानात एक तृतीयांश कपात. काळी यादी नाही. चकती काढायची, वर्षातून एकदा प्रत्यक्ष फेरी. कलम चौदात एक ओळ वाढवली: स्वेच्छेने दिलेली खाद्यवस्तू अपवाद. केतकीला मेमो मिळाला. तिनं त्याचा फोटो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "झणझणीत होतं."

कपात भरून काढायला मी पापडाचं काम घेतलं. बायका कुरकुरल्या, पण लाटायला बसल्या.

साधे डबे सुरू झाले त्या पहिल्या दिवशी मी पुन्हा हिरामावशीबरोबर गेले. बर्वे आजींची लिंबं आली, चाचींच्या शेंगा आल्या. शेवटी बोरसेंची टोपली खाली आली. हिरामावशीनं कालचा डबा उचलला, आणि न उघडताच माझ्या हातात दिला.

हलका होता.

माझेही गुडघे काही फार चांगले नाहीत, पण आम्ही तिन्ही मजले न थांबता चढलो. दार नुसतं लोटलेलं होतं. बोरसेबाबा मोरीच्या दाराशी पडले होते, कालपासून घसा धरलेला, आता बोलताही येत नव्हतं. दोरीची टोपली त्यांनी कशी खाली सोडली देव जाणे. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि गॅलरीतल्या कुंडीकडे हात केला. कढीपत्ता तोडायला उठता आलं नाही, हे सांगत होते ते. मी त्यांना म्हटलं, "राहू द्या हो बाबा, राहू द्या," आणि रडायला लागले. फोन हिरामावशीनं केला.

न्यूमोनिया होता. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर अवघड होतं.

आठवडाभर त्यांचा डबा दवाखान्यात गेला. एका दुपारी आमच्या दोन बायका आजारी पडल्या, आणि केतकीनं फोनवर ऐकून अर्धी रजा टाकली. "बाबांचा मी नेते," म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरातून डबा घेऊन ती कुणाकडे गेली.

दोन तासांनी परत आली तेव्हा मी पापड वाळत घालत होते. ती डबा हातात धरून दारातच उभी राहिली. तिनं तो कानाशी नेऊन हळूच हलवला.

"आई," ती म्हणाली, "आत काहीतरी वाजतंय."

मी हात पुसून झाकण काढलं. दवाखान्यातल्या चहाबरोबर मिळतात तसल्या साखरेच्या दोन पुड्या होत्या.